डाव्या कोपऱ्याचा मिलिंद

मिलिंदच्या बायकोचा, शोभावहिनींचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या देवपुरातल्या घरी चहाची वाट बघत पेपर चाळत होतो. "भाऊजी, गेले हे," एवढंच त्या म्हणाल्या. मी फोन ठेवला. मग मी काय केलं असेल, तर स्वतःच्या डाव्या हाताची करंगळी बघत बसलो. ही करंगळी वाकडी आहे. हाडवैद्यापासून एक्स-रेवाल्यापर्यंत ज्यानं ज्यानं कारण विचारलं त्याला मी एकच उत्तर दिलं, "मिलिंद." लोकांना वाटायचं भांडण झालं असेल. भांडणं तर रोजच व्हायची, पण करंगळी भांडणात गेलेली नाही. ती कबड्डीत गेली, आणि तीही एका दिवसात नाही. कित्येक वर्षं मैदानावर मिलिंद कोपऱ्यात उभा असायचा, त्याच्या शेजारी मी, आणि त्याच्या उजव्या हातात माझा डावा हात...

आमचं गाव धुळ्याहून अमळनेरच्या वाटेवर. तिथं चित्रकला शिकवणारे नाना मास्तर आमचा संघ चालवायचे. संघ आमचा म्हणायचा, पण खरं तर तो मिलिंदचा होता. तो चढाई करायचा. मध्यरेषेला हात लावून 'कबड्डी कबड्डी' सुरू केलं की गच्चीवरच्या बायका धुणं वाळत घालायच्या थांबायच्या. अंगानं काटकुळा, पण समोरच्या सात जणांच्या डोक्यावरून उडी मारून परत यायचा. लाऊडस्पीकरवाला त्याला 'खान्देशचा वारा' म्हणायचा. हे लाऊडस्पीकरवाले कुणालाही काहीही म्हणतात, पण या एका बाबतीत त्याचं चुकत नव्हतं. मिलिंदला याची पुरती जाणीव होती. पकड करणाऱ्यांकडे तो जरा वरूनच बघायचा. आम्ही त्याच्या लेखी नुसती राखण करणारी माणसं. मी तर नेहमीच राखणीतला, त्यामुळे मला त्याचा मनापासून राग यायचा आणि त्याचा खेळही मनापासून आवडायचा.

मग एका सामन्यात तो उडी मारून उतरला आणि गुडघा फिरला. आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. धुळ्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, चालशील, सायकल चालवशील, पण धावता धावता गर्रकन वळणं आता विसर. म्हणजे चढाई विसर. मिलिंद घरी जो बसला तो मैदानाकडे फिरकेचना. आमच्या सरावाचा आवाज त्याच्या घरापर्यंत जायचा, तर तो दार लावून घ्यायचा. त्याची आई मला म्हणाली होती, "पोरगा जेवाले बसस, पन घास तोंडले लागत नही." कबड्डीवाचून त्याचं काय होईल या विचारानं आम्ही धास्तावलो होतो. खेळणं सुटलं तर हा माणूस उरणार नाही, असं मला तेव्हा खरोखर वाटत होतं.

शेवटी नाना मास्तर मला घेऊन त्याच्या घरी गेले. उगाच समजूत घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. खाटेवर टेकले आणि म्हणाले, "कोपरामा उभा ऱ्हाय."

मिलिंदनं भिंतीकडे तोंड केलं. "तठे ज्याले पयता येस नही त्याले उभं करतस."

"मंग तुले तरी आते कोठे येस?" नाना म्हणाले.

पळता येत नाही हे असं तोंडावर ऐकून, मला वाटलं, आता हा उठून नानांच्या अंगावर जातो. पण तो हसला. दुखावलेला माणूस खरं ऐकून कधी कधी हसतो, तसं. दुसऱ्या दिवशी तो लंगडत मैदानावर आला आणि डाव्या कोपऱ्यात, माझ्या शेजारी उभा राहिला. चढाई करणारा एकटा जातो, त्याला कुणाचा हात धरावा लागत नाही. राखणीच्या वेळीही तो मोकळाच उभा असायचा, त्यामुळे मिलिंदनं आजवर मैदानावर कुणाचा हात धरलाच नव्हता. माझा हात त्यानं असा धरला, जणू कुणी सुतळीचा गुंडा सांभाळायला दिलाय.

पहिले काही महिने नुसता तमाशा होता. चढाईला आलेला गडी परत फिरला की आमचा मिलिंदही सवयीनं त्याच्याबरोबर मध्यरेषेकडे पळायला लागायचा, मला ओढत! पकडायचं सोडून दोघं मिळून त्याला पोचवायला निघाल्यासारखे दिसायचो. पब्लिक हसून हसून आडवी व्हायची. मी चिडायचो. मिलिंद मान खाली घालून परत कोपऱ्यात जायचा. ज्याच्यासाठी गच्च्या भरायच्या त्या माणसानं हे हसणं कसं पचवलं असेल, हा विचार माझ्या मनाला तेव्हा शिवला नाही. आता रोज येतो.

बोदवडच्या स्पर्धेला आम्ही पॅसेंजरनं गेलो होतो. समोरच्या संघाचा चढाईवाला दांडगा होता, आमचे एकेक गडी बाद करत होता. तो पुन्हा आला. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि माझ्या शेजारी मिलिंदनंही घेतला. मग मला पुटपुटणं ऐकू आलं. 'कबड्डी, कबड्डी, कबड्डी...' मिलिंद ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर म्हणत होता. मला वाटलं, गेला, हा पुन्हा पळणार. तेवढ्यात त्यानं माझा हात असा काही दाबला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हात सोडून तो जमिनीलगत झेपावला. त्या दांडग्याचा घोटा त्याच्या दोन्ही हातांत होता. मी नुसता वर जाऊन पडलो. पंचांनी आधी शिट्टी मारली आणि मग विचारलं, "दोन आवाज येत होते. चढाई नक्की कोण करत होतं?" सगळं मैदान हसलं. या वेळी मिलिंदही हसला.

परतीच्या गाडीत त्यानं मला समजावलं. "दम सरत उना का गडी माघे फिरस. फिरताना त्याना एक पाय जमीनवर ऱ्हास. तोच धरना." त्याचा दम कधी सरतो हे कसं कळतं, विचारलं तर त्यानं छातीवर हात ठेवला. समोरच्याबरोबर श्वास घ्यायचा, त्याच्याबरोबर म्हणत राहायचं. आपला संपत आला की त्याचाही संपत आलाय. म्हणजे चढाईची ती सगळी वर्षं वाया गेली नव्हती. ती छातीत तशीच होती, फक्त आता दुसऱ्या बाजूनं कामाला आली होती. मला हे ऐकून फार आनंद झाला होता. मी त्याला बोललो मात्र नाही, उलट हात दाखवून म्हणालो, "पुढच्या वेळेला जरा हळू दाब." त्यानं कधीच ऐकलं नाही.

पुढे तो जिल्ह्याच्या संघातून खेळला. जळगाव, धुळे, कुठंही जा, चढाईवाले आधी डावा कोपरा कोण आहे ते बघून घ्यायचे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी लागल्यावर तो देवपुरात आला, मागोमाग मीही आलो, आणि संध्याकाळी तो मुलींना कबड्डी शिकवू लागला. अलीकडच्या एका मुलीनं, अश्विनीनं, त्याला विचारलं होतं, "सर, तुम्ही आधी रेडर होता ना?" तो म्हणाला, "हो. ते कोपऱ्याचं शिक्षण होतं." हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर कसलीही खंत नव्हती. मी शेजारीच बसलो होतो, म्हणून खात्रीनं सांगतो. आता चढाईला घड्याळ लावतात, दमाचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हटलं की तो शांतपणे सांगायचा, "घड्याळ पंचांकडे असतं. पोरीकडे छातीच असते." त्यानं अश्विनीला डाव्या कोपऱ्यात उभं केलं आणि तिच्या शेजारी पूनमला. रोज संध्याकाळी अश्विनीचे ओठ हलताना मी पाहिलेत.

मग त्याची फुप्फुसं आखडत गेली. ज्याच्या श्वासावर अख्खा संघ चालला त्याला जिना चढताना मध्ये थांबावं लागे. शेवटचा भेटलो तेव्हा तो दवाखान्यात होता, नाकाला नळी. समोर टीव्हीवर कबड्डी चालली होती. वहिनी मला बजावून खाली गेल्या की यांना बोलू देऊ नका. चढाई सुरू झाली. मिलिंदचे ओठ हलले, दोन-तीनदा, आणि थांबले. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सुधा, तू धर."

मी श्वास घेतला आणि म्हणू लागलो. म्हातारा माणूस दवाखान्यात बसून 'कबड्डी कबड्डी' म्हणतोय, नर्स दारातून बघून गेली. मिलिंद टीव्हीकडे नाही, माझ्या ओठांकडे बघत होता. माझा डावा हात त्याच्या हातात होता. माझा दम संपत आला हे त्याला माझ्याआधी कळलं आणि त्यानं हात दाबला. अगदी वेळेवर. पडद्यावरचा गडी तेव्हाच मागे फिरला होता... पण माझा हात दुखला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुखला नाही. मी पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर आलो आणि व्हरांड्यात उभा राहून रडलो.

त्याच्या घरी त्रिसरण-पंचशील झालं तेव्हा मुली रांगेत बसल्या होत्या.  सर नाहीत तर मी खेळत नाही, असं अश्विनीनं पूनमला सांगितलं होतं. मैदानावर येणंही बंद केलं. मला मिलिंदनं लावलेलं ते दार आठवलं. मी काही नाना मास्तर नाही, मला तसं बोलता येत नाही. नुसता रोज मैदानावर जाऊन मिलिंदच्या खुर्चीशेजारच्या माझ्या खुर्चीत बसत राहिलो.

आज महिना उलटून गेला. परवा संध्याकाळी अश्विनी आली. थेट डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, पूनमचा हात धरला. चढाई सुरू झाली तसे तिचे ओठ हलायला लागले. माझेही हलत होते, हे मला नंतर कळलं. पकड झाली, धूळ उडाली, पोरी ओरडल्या. थोड्या वेळानं पूनम हात चोळत माझ्याकडे आली. "काका, तुम्ही तरी सांगा ना हिला. किती जोरात दाबते, बोटं मोडतील माझी."

मी तिची करंगळी हातात घेऊन बघितली. लाल झाली होती.

"दुखतंय?" मी विचारलं.

"खूप."

"बरं झालं," मी म्हणालो. "जा, खेळ."