दोघांत मिळून एक नोकरी

भरे गावाजवळच्या कौलांच्या कारखान्यात मी हजेरी कारकून होतो. खाडाखोड दिसली की माझं डोकं फिरे. माझी हजेरीवही शेवटपर्यंत चोख राहिली आणि म्हसू धनगराचा घात त्या चोखपणानंच केला.

म्हसू आणि येसाजी हे सख्खे भाऊ. त्यांच्या घरची रीत अशी, की एकानं मेंढरांमागे जायचं, दुसऱ्यानं घर सांभाळायचं आणि ठरल्या दिवशी पाळी बदलायची. भट्टीवरची नोकरीही त्यांनी तशीच वाटून घेतली. आठ महिने थोरला म्हसू, चार महिने येसाजी. पहिल्यांदा पाळी बदलली तेव्हा मी बराच आवाज चढवला.

म्हसू थंडपणे म्हणाला, "भाऊसाहेब, मानूस आमच्याच घरचा हाय की. भट्टीला कामाशी मतलब."

मुकादमाची हरकत नव्हती, मग मी कोण? फक्त ज्याचा दिवस त्याच्याच नावावर लिहीत गेलो. वर त्याचा तोरा मिरवला!

अशी चार वर्षं गेली. बासष्ट साली मालकानं एक भट्टी बंद करून वीस माणसं कमी केली, त्यात हे दोघेही. मालकानं किती भरपाई द्यायची ते कायद्यानं हजेरीवर ठरे. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले, तर त्या वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. कमी भरले, तर काही नाही. त्या पैशांत म्हसू म्हैस घेणार होता. रोजगार बुडाल्यावर दुधावर तरी घर तगलं असतं.

मी चारही वर्षांची बेरीज मांडली. म्हसूचे दरसाल दोनशे आठ-दहा, येसाजीचे शंभर. मिळून तीनशेवर जात होते, पण कायद्याला माणूस एकच लागतो.

मालकाकडे जाऊन रदबदली केली. त्यानं वही माझ्यापुढे सरकवली. "अक्षर तुमचंच ना? मग मी काय करू?"

दोघं भाऊ फाटकाशी उभे होते. भरपाई मिळणार नाही, हे मी सांगितलं.

"चार वरसांत आमची जागा येक दिस तरी रिकामी ऱ्हायली का?" म्हसूनं विचारलं.

"नाही."

"मग?"

काय सांगणार, कपाळ! हा नियम मला पहिल्यापासून ठाऊक होता. त्यांना सांगावं, हे एकदाही सुचलं नाही. स्वतःचाच संताप आला, पण आता त्याचा काय उपयोग?

येसाजी म्हणाला, "म्हंजी दादाचं दिस म्याच खाल्लं."

म्हसूनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. 'न्हाई' म्हणायला मात्र त्याचं तोंड उघडलं नाही.