कुंभाराच्या घरचा वाडगा

रिश्तान गावच्या होशिम उस्तांचे, म्हणजे उस्ताद कुंभाराचे, निळे वाडगे समरकंदच्या बाजारात हातोहात जायचे. घरातलं जेवण मात्र विकतच्या, कापसाचं फूल काढलेल्या कारखान्याच्या भांड्यांत. "आपण आपल्या वाडग्यात का नाही जेवत?" असं त्यांच्या लेकीनं, ओयजमालनं, लहानपणी एकदाच विचारलं. बापानं आईकडे पाहिलं. आईनं घास तिच्या तोंडात कोंबला. घास तिनं गिळला, प्रश्न गिळला नाही.

पुढे उस्तांचा उजवा हात मनगटातून लुळा पडत चालला. प्याला उचलला की चहा सांडायचा. भट्टीवाल्याचे हात जायचेच, असं गाव म्हणायचं. म्हातारपणी केस पिकावेत, तसं.

ओयजमालनं फर्गानाच्या विद्यापीठात रसायनशास्त्राला नाव घातलं. निघायच्या सकाळी तिनं ताजा नान घेतला, एक घास तोडला आणि उरलेला नान भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. ही रीत फौजेत जाणाऱ्या मुलांची. गेलेला परत आला की उरलेला नान त्यानं खायचा.

तिचा चुलता, अमाकी, दाढीतल्या दाढीत हसला. "कुठल्या लढाईवर गं?"

"जिंकून आले की सांगते, अमाकी."

"रसायन शिकून व्हायचंय काय तुला? मास्तरीण होशील, नाहीतर खताच्या कारखान्यात नाक जाळून घेशील."

"बरंच की. तुम्ही आणाल त्या नवऱ्याच्या मोज्यांचा वास तरी यायचा नाही."

विद्यापीठात तिनं बापाच्याच एका वाडग्यात सिरका, म्हणजे व्हिनेगर, ओतून ठेवला आणि मग तो सिरका तपासला. चमकदार झिलईतलं शिसं त्यात उतरलं होतं. घरातल्या गोणीतलं तेच शिसं झिलईसाठी दळता दळता बापाच्या हातात भरलं होतं. बापाला ते ठाऊक होतं की नुसती शंका होती, हे तिनं कधी विचारलं नाही. विकतची भांडी पुरेसं बोलत होती.

पदवी झाली. बरोबरीच्या कुणी ताश्कंदच्या औषध कारखान्यात गेल्या, कुणी तेल शुद्ध करायला, कुणी शहराचं पाणी तपासायला. औषधवाल्यांनी हिलाही बोलावलं. ही गावी आली, सकाळी शाळेत रसायन शिकवू लागली आणि दुपारी वाळवंटी झुडपांची राख चाळू लागली. आजोबा अशाच राखेची, बिनशिशाची झिलई करत.

"आलीस ना परत? काढ तो नान," आई म्हणाली.

"अजून यायचीय, ओयी."

उस्ता म्हणाले, "बाजाराला चमक लागते, पोरी. आजोबा गेले, त्यांची राखही गेली."

"मी कुठं गेलेय, ओताजान?"

बापाच्या शिशाच्या भट्टीत तिनं आपलं भांडं ठेवलं नाही. परसात स्वतःची लहान भट्टी रचली. पहिल्या खेपेला वाडग्यांवर फोड आले. अमाकींनी एक उचलून उन्हात धरला. "इतकं शिकून बेडूक भाजतेस होय?"

"बेडूक तर बेडूक. जीव धरलाय की नाही?"

दुसऱ्या खेपेला झिलई ओघळून गेली. मग तिनं राख बदलली, वाळू बदलली, आच बदलली. गाव हसायचं थांबलं नाही आणि तिची भट्टीही थांबली नाही.

एका शरदात भट्टी उघडली, तेव्हा मधोमध एक वाडगा कालव्याच्या पाण्यासारखा निळा निघाला होता. बाकीचे वाकडे, तडकलेले.

"एकच," उस्ता म्हणाले.

"एकच हवा होता."

तिनं खिळ्यावरचा नान काढला. दगडासारखा झाला होता. तो फोडून वाडग्यात टाकला आणि वर चांगलं आंबट दही ओतलं. मऊ पडेपर्यंत कुणी उठलं नाही. मग ती घरातल्या सगळ्यांसमोर, घरच्या वाडग्यात जेवली. अर्धं खाऊन वाडगा तिनं बापापुढे सरकवला.

"आता ती शिशाची गोणी घराबाहेर काढा."

"आणि नाही काढली तर?"

"तर दुसरा नान टांगते. खिळा मोकळाच आहे."

उस्तांनी खिळ्याकडे पाहिलं. डाव्या हातानं उजवं मनगट सावरत त्यांनी वाडग्यातला तुकडा उचलला आणि अमाकींना म्हणाले, "ऊठ रे. गोणीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागेल."