मालकाने स्वयंपाकीणबाईशी लग्न केलं तर

मुलीचा पाय मोडला म्हणून मी कॉलेजात गेले. नाहीतर चौथी शिकलेली बाई दिल्लीच्या युनिव्हर्सिटीत कशाला जाते?

ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, इकॉनॉमिक्स घेऊन. त्या दिवसांत जो तो एकच बोलायचा, देश उघडला, आता बाहेरच्या कंपन्या येणार. हे फौजेतून रिटायर होऊन नोएडाला रंगीत टीव्हीच्या एका कारखान्यात सिक्युरिटीला लागले होते. आमच्या सेक्टरात तेव्हा घरं थोडी आणि रिकामे प्लॉट जास्त. हे म्हणाले, "तिला इकॉनॉमिक्सच घेऊ दे, पुढचा जमाना त्याचाच आहे." इकॉनॉमिक्स म्हणजे नक्की काय ते ह्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

चालत्या बसमधून उतरताना ती पडली आणि पायाला प्लास्टर लागलं. हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसू देत नाहीत. ह्यांना ड्यूटी सोडता येईना. मग कुबड्या, डबा आणि मुलगी असं सगळं सांभाळत मीच रोज बस बदलून जायला लागले. मी भाजीवाल्याशीसुद्धा मान खाली घालून बोलणारी. पहिल्या दिवशी कॉलेजच्या दारातून मी मुलीच्या मागे मागेच आत शिरले.

वाटलं होतं बाहेर बाकावर बसेन. पण थंडी फार होती, आणि इकॉनॉमिक्सच्या मॅडमनी मला व्हरांड्यात पाहिलं. "आप अंदर बैठिए," त्या म्हणाल्या. मी मागच्या बाकावर खिडकीशी बसले. दुसऱ्या दिवशी मॅडम आत आल्या तशी मी उठून उभी राहिले. आमच्या शाळेत गुरुजी आले की सगळे उभे राहायचे. इथे कुणीच उठलं नव्हतं. सगळी मुलं मागे वळून बघायला लागली. मुलगी दात आवळून म्हणाली, "आई, बस ना! बस!"

मॅडम अर्धं इंग्रजीत आणि अर्धं हिंदीत शिकवायच्या. इंग्रजी माझ्या डोक्यावरून जायचं, पण हिंदीतले तुकडे पकडून मी पुढचं जुळवायची. फळ्यावर त्या एक रेघ वर जाणारी काढायच्या, एक खाली येणारी, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे खडू टेकवून म्हणायच्या, "ये है दाम." मला त्या ठिपक्याकडे बघत राहावंसं वाटायचं, तोवर त्या पुसून टाकायच्या. कांद्याचा भाव कुठल्या तरी बड्या माणसाने ठरवलेला असतो असं मी समजत होते. तो असा दोन रेघांत बसलेला असेल हे कधी मनात आलं नव्हतं. घरी येताना मी बसमध्ये मुलीला विचारून विचारून हैराण करायची. "मग दुष्काळ पडला तर कुठली रेघ हलते गं?" ती म्हणायची, "आई यार, परीक्षा माझी आहे!"

प्लास्टर काढायच्या आदल्या दिवशी मॅडमनी एक प्रश्न टाकला. देशाचं वर्षाचं उत्पन्न कसं मोजतात ते चाललं होतं. त्या म्हणाल्या, "एक आदमी है. उसके घर में एक औरत तनख्वाह पर खाना पकाती है. आदमी उसी से शादी कर लेता है. अब बताओ, देश की आमदनी बढ़ेगी या घटेगी?" वर्गात हशा पिकला. तेवढ्यात घंटा झाली. "सोमवार को," असं म्हणून मॅडम निघून गेल्या.

मला ते डोक्यातून जाईना. कुणाच्या तरी लग्नाचा देशाच्या उत्पन्नाशी काय संबंध? घरी पोचल्यावर मी ह्यांना जेवायला वाढता वाढता विचारलं.

"वाढणार," हे लगेच म्हणाले. "लग्न म्हटलं की मंडप आला, बँड आला, कपडे आले. किती जणांना पैसे मिळतात बघ."

"अहो, रजिस्टर लग्न केलं तर?"

"असल्या कंजूष माणसाचा प्रश्न तुझ्या मॅडमनी घ्यायचाच कशाला?"

शेजारच्या पंजाबी बहनजींना विचारलं तर त्यांनी कपडे वाळत घालायचे थांबवले. "पहले ये बताओ, उस आदमी की पहली बीवी कहाँ गई?"

माझं मत वेगळंच होतं. मला वाटत होतं, वाढणार नाही आणि घटणारही नाही. बाई तीच, चूल तीच, पोळ्या तेवढ्याच. मग फरक कसा पडेल? पण मॅडम काय म्हणतात ते ऐकायचं होतं.

शनिवारी हॉस्पिटलमध्ये प्लास्टर कापलं. डॉक्टरांनी तिला चालवून बघितलं आणि पाय बिलकुल ठीक आहे म्हणाले. बाहेर येऊन मुलगी माझ्या गळ्यात पडली. "चलो, सुटलीस गं आई! आता धक्के खायला नकोत." मी हसले. पण सोमवारी वर्गात बसायला माझ्याकडे काही कारणच उरलं नव्हतं.

आपल्यासाठी काही मागायची मला सवय नाही. माहेरी नव्हती, सासरी तर नाहीच. रविवारी तिच्या केसांना तेल लावत होते. तिचं तोंड पलीकडे होतं म्हणून धीर झाला. म्हटलं, "उद्या मी आले तर?"

"कुठे?"

"कॉलेजात. त्या लग्नाचं उत्तर ऐकायला."

ती हसली. "त्यासाठी? अगं, पुस्तकात आहे, मी सांगते ना. उत्तर आहे..."

"सांगू नकोस!" मी एवढ्या जोरात ओरडले की तेलाची वाटी कलंडली. हे आतून बाहेर आले. मुलीने वळून माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "पण आई, तू का आलीस विचारलं तर मॅडमना काय सांगायचं? मुलं आधीच मला हसतात." तिचंही खरं होतं. मी फरशी पुसायला घेतली.

सोमवारी तिचा एकटीचा डबा भरून दिला. ती दारापर्यंत गेली, चप्पल घातली, आणि एकदम भिंतीला हात लावून उभी राहिली.

"आई, पाय दुखतोय."

मी घाबरून धावले. "कुठे? टाचेत?"

"टाचेत, घोट्यात, सगळीकडे. बसमध्ये चढताना कुणीतरी धरायला हवं." तिचे ओठ हसू दाबून दाबून वाकडे झाले होते. "साडी बदल पटकन. आणि एक कुबडी घे, पुरावा म्हणून."

हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "जा, जा. मंडपाचा खर्च धरायला सांग मॅडमना."

बसथांब्यापर्यंत मी जवळजवळ पळतच गेले. दुखरा पाय माझ्या पुढे चालला होता आणि कुबडी माझ्या काखेत होती. वर्गात मॅडमनी आधी मुलीच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "प्लास्टर कट गया?"

"जी मॅम," मुलगी म्हणाली. "पर अभी..."

"अच्छा, अच्छा," मॅडम म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. एवढंच!

त्यांनी हात वर करायला सांगितले. वाढेल म्हणणारे थोडे निघाले. घटेल म्हणणारे पुष्कळ, त्यात माझी मुलगीही. मग त्यांनी विचारलं, "और जितनी थी उतनी ही रहेगी?" माझा हात कधी वर गेला ते मला कळलं नाही. काकणं वाजली तेव्हा कळलं. सगळ्या वर्गात तो एकच हात होता. खाली घ्यावा असं वाटलं, पण घेतला नाही.

"घटेगी," मॅडम म्हणाल्या. पगार मिळत होता तोवर तिचं काम मोजलं जात होतं. बायको झाली, पगार बंद झाला, मोजणंही बंद. त्या माझ्याकडे बघून हसल्या. "माताजी, किताब यही कहती है. किताब से शिकायत हो तो बता दीजिए."

मला खूप बोलायचं होतं, पण भर वर्गात हिंदी जुळेना. चुकले म्हणून जराही वाईट वाटत नव्हतं.

बसमध्ये मात्र तोंड सुटलं. "मोजत नाहीत म्हणजे पोळ्या झाल्याच नाहीत का? मग तो माणूस जेवला काय?"

"आई, मार्केटमध्ये विकलं गेलं तरच धरतात."

"आणि मी रोज करते ते?"

"नाही धरत."

"आणि फौजेत तुझ्या वडिलांना खानावळीतले पगारी आचारी जेवण करून घालायचे, ते?"

"ते... ते बहुतेक धरत असतील. आई, हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत! मॅडम काय म्हणाल्या? शिकायत हो तो बताइए. मला उद्याच सांगायचंय त्यांना. हिंदीत कसं बोलायचं ते सांग मला." मी तिच्याकडे सरकून बसले. "पोळ्या तेवढ्याच झाल्या, इथून सुरुवात करू."