डॅनिश शाळेला मी पाठवलेला अर्ज

मुलीला ट्रान्झिशन इयरमधलं, म्हणजे इथल्या आयरिश शाळांत बोर्डाच्या परीक्षेविना जाणाऱ्या वर्षातलं, एक सत्र डेन्मार्कच्या एका जुन्या शाळेत काढायचं होतं. पोर्टलीशच्या तिच्या शाळेला तिथे एकच जागा होती. ती तिला हवीच होती.

मी त्या शाळेची पुस्तिका वाचली. इतिहासाच्या पानावर तीन राजे, दोन आगी आणि एक बिशप होता. त्यात विद्यार्थी शोधावे लागत होते. मुळात ही पाद्री घडवणारी लॅटिन शाळा. मुलींना दार उघडायला काही शतकं लागली, त्याला एक ओळ दिली होती. पुढे अभ्यासक्रम: विज्ञान, भाषा, समाजशास्त्र, संगीत. यातली एक शाखा निवडायची.

"यात हुशार मुलं कुठे जातात?" मी विचारलं.

"तसं नसतं, बाबा," ती इंग्रजीत म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं. बोलायचं तेवढं राहून जातं.

अर्ज पालकांच्या ईमेलवरून जायचा होता. तिने संगीतावर खूण केली होती. पाठवताना मी ती विज्ञानावर सरकवली आणि बालवाडीपासूनची सगळी प्रमाणपत्रं जोडली. पुस्तिकेतल्या राजांना आणि बिशपला मीच हसून झाल्यावर.

मुलाखत दुपारी चारला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, लॅपटॉपवर. मी कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने प्रेसला, म्हणजे कपाटाला, टेकून उभा होतो.

"तू विज्ञान निवडलंस," डॅनिश बाई म्हणाल्या. "प्रमाणपत्रंही भरपूर. लिंबू-चमच्याचंसुद्धा."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे.

"तो अर्ज माझ्या बाबांचा आहे. मला संगीत हवंय. माझा मी नवा पाठवला तर चालेल?"

"काय वाजवतेस?"

"टिन व्हिसल. आणि तबला, पण चुकते खूप."

"कुठे चुकतेस?"

"लय दुप्पट केली की सम हुकते." मग टेबलावर बोटांनी वाजवून ती दहा मिनिटं नेमकं कुठे हुकते ते सांगत राहिली. तिथे दाखवायला माझ्याकडे एकही प्रमाणपत्र नव्हतं.

"बाबा आहेत का तिथे?" बाईंनी शेवटी विचारलं. मी पुढे झालो.

"तुमचा अर्ज चांगला आहे," त्या म्हणाल्या, "पण तुम्हाला वयामुळे घेता येणार नाही. हिचा उद्या संध्याकाळपर्यंत पाठवा."

तिने एक पान लिहिलं. हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून आलेल्या आईलाही दाखवलं नाही.

"निदान स्पेलिंग बघतो," मी म्हणालो.

"ग्रँड आहे ते, ठीकच. तुम्ही फक्त सही करा."

मजकुरावर पंजा पसरून ती उभी राहिली. खाली पालकांच्या सहीपुरती जागा उघडी होती. मी न वाचता सही केली. मग माझ्याच ईमेलवरून, माझ्याच खुर्चीत बसून, तिने ते पाठवलं.

जानेवारीत ती डेन्मार्कला गेली.