पुण्य वाटून झाल्यावर

रन मेणिकेला दगड नीट उचलता येत नाही. ती पाठीतून उचलते, मांड्यांतून नाही. मी तिला किती वेळा सांगितलं. मी जन्मभर गवंडीकाम केलं, म्हणून गाव मला बास अय्या म्हणतं. मिस्त्रीदादा म्हणावं तसं. वाकडं काम मला बघवत नाही. पण उडमुल्लच्या डोंगरातून येणारा पाट आज वाहतो आहे तो मेणिकेमुळे, आणि तेही जसं आहे तसंच सांगायला हवं.

पौर्णिमेनंतरच्या शनिवारी आमच्याकडे पाटाचं श्रमदान असतं. गाळ काढायचा, ढासळलेली कड रचायची, मुळं तोडायची. लोकांना वाटतं, शनिवारी सकाळी माणसं जमतात आणि काम होतं. तसं होत नाही. आदल्या दोन संध्याकाळी मेणिके घरोघर फिरते. कोणाकडे पहार आहे, कोणाची कुदळ दांड्यातून निसटते, कोणाची सून बाळंत झाली, कोण कोणाशी बोलत नाही, हे बघून ती कामं लावते. बंडारांची दोन घरं फणसाच्या झाडावरून भांडली, तेव्हा एकाला तिनं पाटाच्या तोंडाशी घातलं आणि दुसऱ्याला पार शेताकडच्या टोकाला. दोघंही आले. दोघांनाही वाटलं, आपण आपण होऊनच आलो. हे काम दिसत नाही. भिंतीखालचा पाया दिसत नाही, तसंच.

तिचे वडील भेर्ली माडावर चढून रस काढायचे. त्याचा काकवीसारखा पाक आणि गूळ त्यांच्या घरी व्हायचा. मेणिके पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत पास झाली आणि तिला कँडीच्या मोठ्या शाळेत जागा मिळाली. आमच्या गावातून तोवर कोणी गेलं नव्हतं. वडिलांनी लोखंडी पेटी घेतली, आतून कागद चिकटवला आणि तिला वसतिगृहात सोडून आले. पहिल्या सुट्टीच्या आतच ते माडावरून पडले. ती मयताला आली ती परत गेली नाही. आई आणि पाठची तीन भावंडं, कोण सोडणार. पेटी तिकडेच राहिली होती. मी तेव्हा कँडीत एका बांधकामावर होतो, म्हणून ती आणायचं काम माझ्याकडे आलं. पेटी हलकी होती. मी ती तिच्या पुढ्यात ठेवली तर तिनं उघडली नाही. पाय लावून खाटेखाली सारली.

पुढं तिनं चहाच्या मळ्यात काम केलं, लग्न झालं, पोरं मोठी होऊन शहरात गेली. एका पावसाळ्यात पाटाच्या वरची डोंगराची कूस खचली. माणूस गेलं नाही, पण पाट भरला. आम्ही तो मोकळा केला. दोन वर्षांनी तीच कूस पुन्हा खचली. मी तिथं दगडाची भिंत घातली होती. चांगली भिंत होती. तिच्यासकट सगळं खाली आलं.

मेणिके त्या ढिगाऱ्यावर उभी होती. म्हणाली, "बास अय्या, हा डोंगर इथंच का बसतो?"

"पाणी मुरतं म्हणून."

"पाणी सगळीकडे मुरतं. इथंच का?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. तेव्हापासून ती जो भेटेल त्याला हे विचारायची. शेतकी खात्याचा माणूस आला, त्याला विचारलं. रस्त्याचा अभियंता आला, त्याला विचारलं. त्यांना घाई होती.

मग सहकारी दुकानाच्या फळ्यावर एक सूचना लागली. एका प्रतिष्ठानाची अभ्यासवृत्ती: गावासाठी झटणाऱ्या माणसाला वर्षभर पेरादेणियाच्या विद्यापीठात माती आणि पाण्याचा अभ्यास करायला मिळेल, राहणं-जेवण त्यांचं, पदवीची अट नाही. वय पंचावन्नच्या आत. मेणिके चोपन्न वर्षांची होती. खाली आणखी दोन ओळी होत्या, की चांगलं काम करणाऱ्या गावसंस्थांनाही अनुदान आणि सन्मान दिला जाईल. त्या कोणी वाचल्या नाहीत.

तिनं अर्ज स्वतः लिहिला. लिहून माझ्याकडे आणायची, वाचून दाखवायची, परत घरी जाऊन बदलायची. घाईनं केलेलं काम नव्हतं ते.

तिचा नवरा विजेपाल अंगणात मिरी वाळवत बसायचा. बोलायला फटकळ.

"या वयात शाळा," तो मला म्हणाला. "बास अय्या, दप्तर मी पाठीवर घेऊन सोडायला जाऊ, की ती स्वतः नेईल?"

"तुला डबा करायला लागेल," मी म्हणालो.

"डबा कसला. मला भाताचं पाणीसुद्धा मोजता येत नाही. ही गेली की मी विहारात भिक्षूंच्या रांगेत बसतो, डोकं भादरून."

मेणिके आतून म्हणाली, "आधी भादरायला केस तरी उगव."

ती हसत होती. त्या दिवसांत ती खूप हसायची. एकदा मी गेलो तर ती खाटेखालची पेटी बाहेर काढून पुसत होती.

प्रतिष्ठानाचं पत्र आलं, की आम्ही येऊन काम पाहू. श्रमदानाच्याच शनिवारी आले. सेनेविरत्न नावाच्या बाई होत्या, कोलंबोच्या, वयानं मेणिकेएवढ्या. सोबत कॅमेरा घेतलेला एक तरुण. आम्ही विड्याची पानं देऊन त्यांचं स्वागत केलं. बाईंनी चिखलात पाय घातला, पाटाच्या तोंडापर्यंत चढल्या, मला भिंतीबद्दल विचारलं. मला त्या आवडल्या. नुसत्या मिरवायला आलेल्या नव्हत्या.

काम चांगलं झालं. दुपारी सगळे विहाराच्या ओसरीवर आलो. उकडलेला कंद, नारळाची तिखट चटणी, कोरा चहा, गुळाचा खडा. मेणिके चुलीपाशी होती. पाहुण्यांसमोर पुढं बसायचं आमच्याकडे बायका टाळत नाहीत, पण जिनं बोलावणं केलं ती शेवटी जेवते. ती मागंच राहिली.

खाऊन झाल्यावर सेनेविरत्नबाईंनी विचारलं, "हे सगळं कोण उभं करतं?"

आता झालं ते असं. आमच्या गावात श्रमदान संपलं, की त्याचं पुण्य वाटतात. सगळ्यांत वडीलधारा उठतो आणि त्या कामाचं पुण्य गेलेल्यांना देतो, एकेकाचं नाव घेऊन. जिवंत माणसाचं नाव त्यात येत नाही. ते अभद्र. आणि एकदा पुण्य दिलं, की ते काम आपलं राहत नाही. त्यावर पुन्हा कोणी 'मी केलं' म्हणत नाही. बाईंनी जेवण झाल्याबरोबर प्रश्न विचारला, आणि नेमकी तीच वेळ होती. गावातले सगळ्यांत वडीलधारे अप्पुहामी आजोबा, त्यांना वाटलं, पाहुण्यांनी मोठ्या मनानं सुरुवात करून दिली.

आजोबा उठले. हात जोडले. हा पाट ज्यांनी पहिल्यांदा खणला त्यांची नावं घेतली. ज्यांनी तोंडाशी पहिली शिळा बसवली त्यांची घेतली. पुरात गेलेले दोघं. माझे वडील. आणि शेवटी मेणिकेच्या वडिलांचं नाव घेतलं, कारण वरच्या अंगाची वाट त्यांनी एकट्यानं, माडावर जाता-येता पाडली होती. "आजच्या कामाचं सगळं पुण्य त्यांना पोहोचो." आम्ही सगळे साधु, साधु, साधु म्हणालो. बाईंनीही हात जोडले.

मग त्यांनी पुन्हा विचारलं, "ते समजलं. पण आत्ता, आज, हे कोण चालवतं?"

"आम्ही सगळे," आजोबा म्हणाले.

मी उठायला लागलो. आजोबांनी माझं मनगट धरलं. ऐंशीच्या पुढचा माणूस, पण पकड पहारीवरची. हळूच म्हणाले, "दिलेलं परत मागतोस का रे? बस."

बाईंनी कागदात पाहिलं आणि मेणिकेला हाक मारली. ती किटली हातात घेऊनच पुढं आली.

"अर्ज तुमचा आहे ना? तुम्ही इथं काय करता, ते तुमच्या शब्दांत सांगा."

मेणिकेनं आजोबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. किटलीकडे पाहिलं.

"आज मी चहा केला," ती म्हणाली.

तरुण हसला. बाई हसल्या नाहीत. थोडा वेळ वाट पाहिली. मग वही मिटली.

गाडी गेल्यावर मी मेणिकेला गाठलं. मला राग आला होता. "इतके दिवस अर्ज घोटलास. तोंड नव्हतं तुला? तो कंदसुद्धा तू मागून आणलास, ते तरी सांगायचं."

"माझ्या वडिलांचं नाव शेवटी घेतलं आजोबांनी," ती म्हणाली. "त्यांना आत्ताच दिलं. त्यांच्या हातातून काढून घेऊ का, बास अय्या?"

बाईंची काही चूक नव्हती, आजोबांचीही नव्हती.

पत्र आलं ते गावाच्या नावानं. अभ्यासवृत्ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोणाला मिळाली होती. पण एकीनं काम करणारं गाव म्हणून उडमुल्लला अनुदान आणि मानचिन्ह जाहीर झालं होतं. सिमेंट, नळ, पाटाचं तोंड पक्कं करायला पुरेल एवढं. गावानं फटाके लावले. घरोघरी नारळाच्या दुधातला भात शिजला. आणि सभेत सगळ्यांनी एका तोंडानं ठरवलं, की हे काम मेणिकेशिवाय कोण सांभाळणार. तीच चिटणीस. ते खरंही होतं. ती हो म्हणाली.

विजेपाल त्या सभेला आला नाही. मी त्याच्याकडे गेलो तर चुलीपाशी बसला होता.

"काय रे, बायकोचा मान आणि तू घरी?"

"कसला मान," तो म्हणाला. मडक्यावरचं झाकण काढून मला दाखवलं. भात होता. मोकळा शिजलेला. "महिनाभर रोज दुपारी, ती मळ्यावर गेली की शिजवत होतो. पहिला कुत्र्यानंही खाल्ला नाही. हा बघ. आता जमतो."

त्यानं झाकण परत ठेवलं. "तिला सांगू नका," म्हणाला.

मानचिन्ह घ्यायला कँडीला मेणिके, आजोबा आणि मी गेलो. भाषणं झाली, तबकात ठेवलेलं पितळी मानचिन्ह दिलं. आजोबांना त्यांच्या नातवाकडे राहायचं होतं. आम्ही दोघं बसथांब्यावर आलो. गावाची बस लागलेली होती.

"पेरादेणिया इथून लांब आहे का?" मेणिकेनं विचारलं. तिला माहीत होतं लांब नाही ते.

आम्ही दुसऱ्या बसमध्ये बसलो. विद्यापीठात झाडं मोठी, रस्ते रुंद, पोरं आमच्याकडे न बघता जात होती. मी इमारतींची दगडी जोडणी बघत होतो. जुनं काम, सांधे बारीक. मेणिके एकेका फाटकावरची पाटी वाचत पुढं चालली होती. एका लांब पडवीत ती खिडकीपाशी थांबली. आत वर्ग चालू होता. फळ्यावर डोंगर काढला होता, सुरीनं कापल्यासारखा, आतले थर दिसतील असा. एक तरुण शिक्षिका हातवारे करून बोलत होती.

मेणिके तिथून हलेना. शेवटी शिक्षिका दाराशी आली.

"आई, कोणाला शोधताय?"

"कोणाला नाही."

"मग बाहेर का उभ्या? आत बसा."

मेणिकेनं दारात चपला काढल्या. तिथं कोणीच काढल्या नव्हत्या. ती आत गेली आणि सगळ्यात मागच्या बाकावर टोकाला बसली. मी पितळी मानचिन्ह मांडीवर घेऊन पायरीवर बसलो. माझं गुडघ्याचं दुखणं आहे, पण मी तिला हाक मारली नाही.

वर्ग सुटला. पोरं बाहेर पडली. ती सगळ्यांनंतर आली, चपला घातल्या. आम्ही रस्त्याला लागलो.

"काय शिकवलं?" मी विचारलं.

"वरची माती आणि खालचा खडक यांच्यामध्ये एक थर असतो. चिकण. त्यावरून सरकतं. आपल्याकडे तो तिरका असणार." तिनं हात तिरका करून दाखवला. मग तो हात तसाच धरून ती चालत राहिली. "पण तो कुठं सुरू होतो, ते कसं ओळखायचं, ते पुढच्या आठवड्यात आहे म्हणे."

"म्हणजे कळलं की."

"अर्धं कळलं, बास अय्या," ती म्हणाली. "तेच वाईट झालं."

गावाची शेवटची बस मिळाली. तिनं खिडकीची जागा घेतली. डोंगर लागले तशी ती काचेला कपाळ टेकवून बाहेरच्या कापलेल्या दरडी बघत बसली. अंधार पडून काही दिसेनासं झालं तरी ती बघतच होती.