पडद्याकडे पाठ

बॅटरीमावशीने थिएटरात बावीस वर्षं काढली, पण तिथला एकही सिनेमा तिने धड पाहिला नाही. काम डोअरकीपरचं. उशिरा आलेल्यांना बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची आणि मग पडद्याकडे पाठ करून उभं राहायचं. कोणी सिगारेट पेटवतंय का, कोणी पुढच्याच्या खुर्चीवर पाय टाकतंय का, ते बघायचं. म्हणजे समोर काय, तर चारशे चेहरे. सुरुवातीला जाहिराती लागायच्या तेव्हा तर मोठीच गंमत. माणसं कुठे मान वर करतात, कुठे शेजारच्याला कोपर मारतात आणि कुठे सगळ्यांना एकदम खिशातलं काहीतरी आठवतं, हे तिला तोंडपाठ झालं होतं.

थिएटरला टाळं लागलं तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती. आता बाई घरी बसेल असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. बाईने माध्यम अभ्यासाच्या पदवीला नाव घातलं.

"तिथे शिकवतात तरी काय?" नवऱ्याने विचारलं. तो किल्ल्या बनवायचा आणि कानस चालवता चालवताच बोलायचा.

"जाहिराती माणसाला कशा गळाला लावतात ते."

"त्याला कॉलेज कशाला हवं? आपल्या स्वयंपाकघरातलं कपाट उघड. भाजी चिरायची तीन यंत्रं आहेत, एकानेही अजून कांदा पाहिलेला नाही."

पण अर्ज भरायला तोच बरोबर गेला.

वर्गातली मुलं तिच्या निम्म्या वयाची. त्यांनीच तिचं बॅटरीमावशी हे नाव पाडलं आणि तिला ते आवडलं. ती मन लावून शिकली. जाहिरातीतली आई सदा हसतमुख का, औषधाशी संबंध नसलेल्या माणसाच्या अंगात पांढरा कोट का, 'फक्त आजच' ही घाई कोणासाठी, सगळं वहीत उतरवलं. घोडं अडलं ते शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात. एका जाहिरातीचं विश्लेषण करायचं होतं. बाकीच्यांनी रंग, कॅमेरा, घोषवाक्य यांवर पानंच्या पानं लिहिली. मावशीने लिहिलं ते बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांबद्दल.

मॅडमनी नापास केलं. मॅडम दुष्ट नव्हत्या, शिस्तीच्या होत्या. "मावशी, हा तुमचा अनुभव आहे. विश्लेषण जाहिरातीचं करायचं, प्रेक्षकांचं नाही. एकच संधी उरली आहे. इतरांसारखं लिहा आणि सुटा." ही संधी गेली की पदवी गेली, तीन वर्षं पाण्यात. मावशीने आठवडाभर इतरांसारखं लिहून पाहिलं. लिहिलेलं खोटं नव्हतं, पण तिचं नव्हतं. तिने ते फाडलं आणि पुन्हा चेहऱ्यांवरच लिहिलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. हट्टापायी आपण हातचं घालवतोय, असं तिला सारखं वाटत होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. उंच, केस पांढरे, बोलणं तुटक. त्यांनी प्रकल्प चाळला. "म्हणजे जाहिरात न बघता, नुसत्या चेहऱ्यांवरून तुम्ही तिच्याबद्दल सांगू शकता?"

"हो."

"मग सांगाच." त्यांनी लॅपटॉप जोडला. "ही अजून कुठेच दाखवलेली नाही. सहज माझ्या हाती लागली."

मॅडमनी खिडक्यांचे पडदे ओढले. आवाज बंद ठेवला. सोळा मुलं समोर, परीक्षक त्यांच्या शेजारी, आणि मावशी पडद्याकडे पाठ करून उभी. मुलांच्या तोंडावर उजेड हलायला लागला. ही जागा तिची होती.

"कोणीतरी काहीतरी सांभाळून नेतंय," ती म्हणाली. "उंच आहे, सगळ्यांच्या हनुवट्या वर गेल्या. आता खाली बघताहेत. जमिनीवर काहीतरी आहे. पडणार... पडणार... पडलं!" वर्ग खदखदून हसला. "आणि आता गेले."

"कोण गेले?" परीक्षकांनी विचारलं.

"सगळेच. डोळे पडद्यावर आहेत, पण घरात कोणी नाही. तुमची वस्तू आत्ता आली असणार."

वस्तू खरंच तेव्हा आली होती. ताटांची चळत घेऊन जाणारा वेटर ओल्या फरशीवर घसरतो आणि मागून दुसरा वेटर न घसरता चालत येतो, त्याच्या पायातल्या बुटांची ती जाहिरात. मावशीने मुलांना विचारलं, जाहिरात कशाची होती? उत्तरं आली ताटांची, हॉटेलची, फरशी पुसायच्या औषधाची, आणि एकाने तर विम्याची सांगितली. बूट म्हणणारे दोघे.

"आणखी एक, सर," मावशी म्हणाली. "मुलं तो पडल्यावर हसली. तुम्ही तो पडायच्या आधीच हसलात. जाहिरात तुम्हीच केली आहे."

परीक्षक लालबुंद झाले. "चार महिने घातलेत मी यात," ते म्हणाले. आणि मग, अगदी विद्यार्थ्यासारखं, "मग काय करू?"

"हसू आलं की माणसाच्या लेखी गोष्ट संपते. त्यानंतर तुम्ही वस्तू दाखवता. बूट आधी येऊ द्या. दुसऱ्या वेटरला पुढून चालवा, मग पहिल्याला पाडा."

गृहस्थ दिलाचे मोठे. तिथेच बाकावर बसून वीस मिनिटांत त्यांनी तुकडे पुढेमागे केले. शेजारच्या वर्गातली, काहीच न पाहिलेली मुलं बोलावली. मावशी पुन्हा आपल्या जागी उभी राहिली. आणि मग मॅडम खुर्चीतून उठल्या, चष्मा पुसला आणि तिच्या शेजारी, पडद्याकडे पाठ करून, उभ्या राहिल्या.

"कुठे बघू?" त्यांनी हळूच विचारलं.

"कपाळाकडे. ओठ फसवतात."

चेहऱ्यांवर उजेड हलला. भुवया वर गेल्या. मुलांनी आधी खाली, मग वर, मग पुन्हा खाली पाहिलं, आणि हशा फुटला. मॅडमनी मावशीचा दंड घट्ट धरला आणि भर परीक्षेत त्या ओरडल्या, "आहेत! मावशी, अजून आहेत! कोणीच गेलं नाही!"

वीस मुलांपैकी एकोणीस जणांनी बूट म्हणून सांगितलं. परीक्षकांनी गुणांचा कागद ओढला, पैकीच्या पैकी मांडले आणि सहीसाठी मॅडमपुढे सरकवला. मॅडमनी वाचायच्या आधीच सही केली. मुलांनी बाकं वाजवून वर्ग डोक्यावर घेतला.

मावशीला त्यातलं फारसं ऐकू येत नव्हतं. तिला रडू फुटलं होतं आणि ते ती लपवतही नव्हती. बावीस वर्षं ती त्या बाजूला तोंड करून एकटी उभी होती. आज पहिल्यांदा शेजारी कोणीतरी होतं, आणि तिला दिसत होतं ते त्यालाही दिसलं होतं.