चार्जिंग संपल्यावर

मटार सोलता सोलता मनगटावरचं घड्याळ काळं पडलं. चार्जर समोरच होता. मी हात लावला नाही. फोन तेवढा जवळ ओढला.

हे घड्याळ मुलाने परदेशातून पाठवलंय. माझ्या हृदयाचे ठोके त्याला तिकडे फोनवर दिसतात. दिसतात तोवर तो निर्धास्त असतो. दिसेनासे झाले की लगेच फोन करतो. माझ्या वडिलांच्या घड्याळाला किल्ली द्यायची राहिली, तर घड्याळ थांबायचं आणि माणसं बोलत राहायची. आता मी जिवंत असल्याची खबर आपोआप पोचते, म्हणून विचारपूसच उरली नाही.

फोन वाजला.

"बाबा, घड्याळ बंद का? बरे आहात ना?"

"बरा आहे रे. मटार सोलतोय. तुला आवडते ना, तशी उसळ..."

"बाबा, मीटिंग आहे. तुम्हाला नवीन घड्याळ घेतोय. फास्ट प्रोसेसरचं घेऊ, की बॅटरी जास्त टिकणारं?"

वेगवान घड्याळ लवकर दमतं, एवढं मला कळतं.

"फास्ट घे," मी घाईघाईने म्हणालो.

"नको, बॅटरीवालंच घेतो. म्हणजे सारखा फोन करायला नको."

वाडगाभर मटार सोलून झाले होते. एकट्या माणसाला एवढे कशाला लागतात!